वाचा गेल्यावर घरच्यांनी काय करावे



पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो. उजवा हात लुळा पडलाय, पाय ओढावा लागतोय, हे सगळ्यांना दिसते. पण आजोबांना चहा हवा असतो आणि तोंडातून 'चावी' निघते. नाहीतर नुसते 'ते... ते...' करून ते कपाळावर हात मारून घेतात. मग कोणी जिभेला वेखंड चोळते, कोणी कानाशी येऊन ओरडते, आणि चार दिवसांनी कोणीतरी म्हणतेच, "त्यांना आता काही कळत नाही हो."

त्यांना कळते. आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ जास्त कळते. वाचा-उपचाराचे काम करताना हे मी रोज पाहते.

शब्द असे हरवण्याला वाचाघात म्हणतात. यात दोष जिभेचा नसतो. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे काम डाव्या बाजूला चालते, आणि शरीराची उजवी बाजूही तीच हलवते. म्हणून उजवा हात आणि बोलणे बऱ्याचदा एकदमच जातात.

बोलणे गेले तरी समज राहते, याचे एक जुने उदाहरण आहे. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात डॉक्टर पॉल ब्रोका यांनी लबोर्न्य नावाचा रुग्ण तपासला. काहीही विचारा, तो 'तां, तां' एवढेच म्हणे. इथे किती वर्षे आहेस, असे विचारल्यावर त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवले. २१ वर्षे. आकडा अगदी बरोबर होता.

सगळ्यांचे असेच होते असे नाही. काही जण भराभर बोलतात, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही नीट उमगत नाही. १८७४ साली डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी हा प्रकार मांडला. अशा माणसाला घरी भ्रमिष्ट समजतात, तेव्हा मला फार वाईट वाटते.

उपचारात आम्ही काय करतो? कप समोर ठेवतो. यात काय ओततात? सकाळी उठल्यावर काय लागते? तरी शब्द आला नाही, तर 'च...' एवढेच म्हणून थांबतो. पुष्कळदा पुढचा शब्द येतो. तोच माणूस मारुतिस्तोत्र न अडखळता म्हणतो, पण बायकोचे नाव घेता येत नाही, आणि घरच्यांना ते नाटक वाटते. ते नाटक नव्हे. तोंडपाठ असलेले बोलणे आणि मनाने जुळवलेले बोलणे यांसाठी मेंदू वेगवेगळ्या तऱ्हेने काम करतो. वाक्य चालीवर म्हणवून घेण्याची पद्धत बॉस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३ साली मांडली. काहींना तिचा चांगला उपयोग होतो.

पण उपचारतज्ज्ञाकडचा वेळ तासाभराचा. उरलेला दिवस घरच्यांचा. टीव्ही बंद करून समोर बसा. एका वेळी एकच प्रश्न विचारा. 'हो'च्या जागी 'नाही' निघू शकते, म्हणून वस्तू दाखवून खात्री करून घ्या. ज्या भाषेत त्यांनी संसार केला त्याच भाषेत बोला. मालवणी असेल तर मालवणीत. आणि शब्द शोधताना त्यांना वेळ द्या. आपण घाईने वाक्य पुरे करतो ते मायेपोटीच, पण त्यामुळे त्यांचा प्रयत्न वाया जातो.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने होते. नंतर वेग मंदावतो, म्हणून अनेक घरे उपचार सोडून देतात. मला हे मान्य नाही. वर्ष उलटल्यावरही नवे शब्द आलेले मी पाहिले आहेत.

तुमच्या घरात, शेजारी असे कोणी असेल, तर त्यांना वाचा-उपचारतज्ज्ञाकडे न्या. मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही सोय आहे. इतर गावी जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. आणि भेटायला गेलात, तर त्यांच्याविषयी सुनेशी बोलू नका, त्यांच्याशीच बोला.