अनुभव आणि मनन

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



अनुभवासारखा गुरू नाही, असे आपण नेहमी म्हणतो. ह्या म्हणण्यात थोडा गैरसमज आहे. अनुभव सर्वांनाच येतो. पण तो आपण होऊन काही शिकवीत नाही. वीस वर्षे एकच चूक नेमाने करणारा मनुष्यही स्वतःस अनुभवी म्हणवून घेतोच! घडलेल्या गोष्टीपाशी थांबून ‘हे असे का झाले?’ असे विचारल्यावाचून अनुभवाचे ज्ञान होत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी 1910 साली ‘हाऊ वुई थिंक’ ह्या ग्रंथात हा विषय मांडला. अडचण जाणवली की तिचे नेमके स्वरूप ठरवावे, उपाय कल्पावा, तो तर्काने पारखावा आणि अखेर प्रत्यक्ष करून पाहावा, असा क्रम त्यांनी सांगितला. तो आचरणात कसा येतो हे पाहण्यास मात्र अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र आपल्यासमोर आहे.

1893 साली अण्णांनी गोदूबाई ह्या विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. (असा बहिष्कार महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे, हे ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून सांगितलेले बरे.) त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली. येथवरची हकीकत धैर्याची आहे, आणि धैर्याचे पुरुष त्या काळी आणखीही होते. मला पुढली हकीकत अधिक मोलाची वाटते. उत्तेजन देण्यापूर्वी विवाहाच्या आड येणारे अडथळे हटविले पाहिजेत, हे ध्यानी येऊन 1895 साली मंडळीचे नाव ‘विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी’ असे करण्यात आले. संस्थेचे नाव बदलणे किती जड जाते, हे कार्यकारी मंडळाच्या सभासदांना मी सांगावयास नको!

तरीही प्रश्न उरलाच. लोकमत अनुकूल नव्हते. विवाह थोडे होत. ज्या अगणित विधवा पुनर्विवाह करणारच नव्हत्या, त्यांचे काय? अण्णांनी समाजाला दोष देऊन हात झटकले नाहीत, की तेच व्याख्यान अधिक मोठ्या आवाजात दिले नाही. विधवेस शिक्षण मिळून ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली पाहिजे, ह्या निष्कर्षाला ते आले आणि 1896 साली अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. 1900 साली आश्रम हिंगण्याच्या झोपडीत गेला. पुढे कुमारिकांच्याही शिक्षणाची गरज दिसून आली व 1907 साली महिला विद्यालय निघाले. 1915 साली मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली; दुसऱ्याच वर्षी ते हिंगण्यास सुरू झाले. स्त्रियांचा अभ्यासक्रम पुरुषांहून काहीसा निराळा असावा, हे त्यांचे मत मला पटत नाही. परंतु प्रत्येक पायरी आधीच्या पायरीचा हिशेब घेऊन टाकलेली आहे, हे कोणासही मान्य व्हावे. ‘आत्मवृत्त’ 1915 सालचेच आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आयुष्याचे सिंहावलोकन आणि नवे धाडस त्यांनी एकाच वर्षात केले.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या अहवालात शिष्यवृत्त्यांची रक्कम पैपर्यंत बरोबर असते. हिशेबनीसांचे त्याबद्दल कौतुकच केले पाहिजे. परंतु ती रक्कम घेणाऱ्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे अहवालात आढळत नाही. मध्येच शिक्षण कोणी सोडले? पैसा अपुरा पडला, की वसतिगृहात जागा मिळाली नाही, की मुलीचे लग्न ठरले? अर्जच न करणारी घरे कोणती, आणि का? कदाचित त्यांना रकमेपेक्षा अर्जावरील सहीसाठी दहा दारे हिंडण्याचा संकोच अधिक असेल. हा माझा तर्क झाला. तो चुकीचाही ठरेल. परंतु विचारल्याशिवाय ते कळणार कसे? निधी वाढवावा असा ठराव आज आपल्यापुढे आहे. तो वाढवून आपण तेच पुन्हा अधिक प्रमाणात करणार आहोत काय, हे मतदानापूर्वी ठरवावे अशी माझी विनंती आहे.

ह्यासाठी निराळी समिती नेमण्याचीही गरज नाही. शिष्यवृत्ती घेतलेली, आणि ती अर्धवट सोडावी लागलेलीही, कित्येक मंडळी ह्याच सभागृहात बसलेली आहेत. भोजनाला अजून तासभर अवकाश आहे.