ससा आणि वालाचा वाफा

नवीन पनवेलच्या कडेला, विचुंबे-आकुर्लीच्या बाजूला, ज्यांच्याकडे अजून थोडीफार जमीन आहे, त्यांच्याशी आज बोलायचे आहे. भात कापून झाले की जमिनीतल्या ओलीवर तुम्ही वाल लावता. काही दिवसांत कोवळी पाने वर येतात, आणि एका सकाळी पाहावे तो ओळीच्या ओळी छाटलेल्या! यंदाची पोपटी गेली, असे वाटून मन खट्टू होते. मग कोणी म्हणतो विष टाका, कोणी म्हणतो फासा लावा.

जरा थांबा. आधी चोर कोण ते पाहा. गुराने खाल्लेला शेंडा ओढून तोडलेला, फाटका दिसतो. गोगलगाय चकाकती रेघ मागे ठेवते. ससा मात्र देठ तिरका, सुरीने कापावा तसा कापतो, आणि आसपास गोल, कोरड्या लेंड्या टाकून जातो.

आता या सशाबद्दल थोडे. आपल्या भाषेत ससा हा शब्द एकच, पण प्राणी दोन आहेत. पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा ससा युरोपातल्या जातीचा. तो बिळे खणतो, आणि त्याची पिले आंधळी, उघडी जन्मतात. आपल्या माळावरचा ससा निराळा. त्याच्या मानेवर काळा डाग असतो. तो बीळ करीत नाही, गवतात अंगापुरती जागा दाबून दिवसभर पडून राहतो, आणि त्याची पिले डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतात. हा फरक पंडितांपुरता नाही, तुमच्या खिशाशी त्याचा संबंध आहे. इंग्रजी पुस्तके सांगतात, जाळी जमिनीत खोल पुरा. ती सूचना बिळे करणाऱ्या सशासाठी आहे. आपल्याला तो चर खणण्याची गरज नाही.

मग करावे काय? वाफ्याभोवती बारीक डोळ्यांची तारेची जाळी लावा. भोक इंचाहून मोठे नको. उंची साडेतीन-चार फूट हवी. जाळीचा खालचा वीतभर भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर वळवून त्यावर दगड ठेवा. ससा उडी मारण्याआधी खालून वाट शोधतो, म्हणून खरे काम या वीतभर जागेतच आहे. जाळी परवडत नसेल तर जुनी वई चालेल, पण बुडाशी ती विरळ असते. तिथे काटेरी फांद्या घट्ट कोंबा, नाहीतर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप आडवे बांधा. चारच रोपे असतील तर रात्री त्यांवर कोंबड्यांची डालगी पालथी घाला. एवढे स्वस्त संरक्षण दुसरे नाही.

लसूण-मिरचीचे पाणी शिंपडा, असे पुष्कळजण सांगतात. दोन दिवस वास राहतो, मग दवाने जातो. बुजगावण्याचीही तीच गत. ससा भित्रा असला तरी मूर्ख नाही. पान पडले आणि आभाळ कोसळले म्हणून पळणारा ससा गोष्टीतच राहू द्या.

विषाचे मात्र नावही काढू नका. ते सशापाशी थांबत नाही. शेजाऱ्याचा कुत्रा, कोंबड्या, झाडावरचा कावळा, सगळ्यांपर्यंत पोचते. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा मारणे हा गुन्हा आहे. कर्नाळ्याचे अभयारण्य इथून हाकेच्या अंतरावर, पण बाहेरच्या माळावरचा ससाही त्याच कायद्याखाली येतो.

कुंपणाला वेळ साधावी लागते, हे ऑस्ट्रेलियाने फार मोठी किंमत देऊन पाहिले. १८५९ साली तिथे शिकारीच्या हौसेसाठी दोन डझन ससे सोडले गेले. त्यांची प्रजा इतकी वाढली, की पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात शेकडो मैलांची कुंपणे घातली. पण ती पुरी होईपर्यंत ससे पलीकडे गेलेलेच होते! आपली गोष्ट लहान आहे, पण क्रम तोच: बी टाकण्याआधी कुंपण. रोप मनगटाएवढ्या उंचीचे झाल्यावर जाळी आणायला पनवेलच्या बाजारात निघालात, तर ती पुढच्या वर्षीच उपयोगी पडेल.

पहिले काही आठवडेच जपायचे आहेत. वेल मांडवावर चढला की शेंगा सशाच्या तोंडापासून दूर राहतात. तोवर रोज संध्याकाळी, काळोख पडण्याआधी, कुंपणाच्या बुडाशी एक फेरी मारा. आत ससा सापडलाच तर काठी घेऊन धावू नका. फाटक सताड उघडा आणि समोरच्या बाजूने सावकाश चालत या. तो आपणच वाट काढील. मग फाटकाखालची फट बुजवा, कारण बहुधा तो तिथूनच आलेला असतो.