भर की भेसळ?

(पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील उद्योगक्षेत्राशी निगडित कुटुंबांसमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



मोरया गोसावींचे आणि चापेकर बंधूंचे चिंचवड, फिरंगोजी नरसाळ्याचे चाकण! १६६० साली शाइस्तेखानाच्या अफाट फौजेला चाकणच्या संग्रामदुर्गाने सुमारे ५५ दिवस झुंजवले. हा किल्ला सह्याद्रीच्या शिखरावर नव्हता. तो होता सपाटीवरचा भुईकोट. त्याचे खरे बळ तटाच्या उंचीत नव्हते, त्या तटाआड ठाण मांडून बसलेल्या माणसांत होते. सामान्य वाटणाऱ्या वस्तूत योग्य भर पडली की ती असामान्य होते, हे सूत्र त्या लढ्याने शिकवले. आज याच भूमीवरील कारखान्यांत हेच सूत्र अहोरात्र राबते आहे. फरक इतकाच, की येथे ते प्लॅस्टिकच्या इवल्याशा दाण्यात दडले आहे.

दाण्यातले विश्व

प्लॅस्टिक म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे बादली किंवा बाजारची पिशवी येते. स्वस्त, लेचेपेचे, उन्हात तडकणारे, आचेने वितळणारे अशी त्याची ख्याती. पण मोटारीचे बॉनेट उघडून पाहावे. रेडिएटरच्या कडेच्या टाक्या, पंख्याभोवतीचे कडे, इंजिनाला हवा पुरवणारा नळकांड्यांचा संच ही सारी काळीशार, कणखर अंगे बहुधा नायलॉनची असतात. ज्या नायलॉनचे मोजे विणले जातात, तेच हे नायलॉन! मग इंजिनाच्या धगीत ते तग कसे धरते?

उत्तर आहे काचेत. नायलॉनच्या दाण्यात वजनाने ३० टक्के काचतंतू मिसळले, की ओढ सोसण्याची त्याची ताकद दुपटीच्या आसपास जाते. उष्णतेच्या बाबतीत तर कायापालटच होतो. भाराखाली असताना साधे नायलॉन-६६ सुमारे ७० ते ७५ अंश सेल्सियसला वाकू लागते. काच भरलेले तेच नायलॉन जवळजवळ २५० अंशांपर्यंत आकार टिकवते. आणि एवढे होऊनही त्याची घनता १.४ च्या आत राहते, तर पोलादाची ७.८ आहे. वाहन हलके झाले की इंधन वाचते, आणि आयात तेलावर चालणाऱ्या देशाला या बचतीचे मोल वेगळे सांगायला नको.

बंपर आणि डॅशबोर्ड यांची कथा याहून निराळी. तेथे पॉलिप्रोपिलीन वापरतात आणि त्यात टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड, घालतात. २० टक्के टाल्कने त्याचा ताठरपणा सुमारे दुप्पट होतो. बंपरला धक्का सोसता यावा म्हणून त्याच मिश्रणात रबराचाही अंश असतो. हे शंखजिरे राजस्थानात विपुल सापडते. सुईसारख्या कणांचे वोलॅस्टोनाइट हे खनिजही तेथलेच. अरवलीतील दगड चाकणच्या मोटारीत असा नांदतो आहे.

मात्र नुसते मिसळून भागत नाही. काच आणि नायलॉन यांचे मुळात सख्य नाही. म्हणून काचतंतूंवर सिलेन नावाच्या रसायनाचा सूक्ष्म लेप देतात. त्याचे एक टोक काचेला धरते, दुसरे नायलॉनला. हा दुवा नसेल, तर भार पडताच तंतू सुटून येतात आणि भर घालूनही वस्तू दुबळीच राहते. संघटनेचे काम करणाऱ्यांना यात काही ओळखीचे वाटले, तर नवल नाही!

फाळणीनंतरची पिंपरी

या पट्ट्याला या विद्येचा परिचय नवा नाही. १९४७ नंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्या हिंदू निर्वासितांची वसाहत पिंपरीत उभी राहिली. कराचीत जन्मलेल्या प्रल्हाद छाब्रिया यांनी १९५८ साली पुण्यात मोटारींसाठी पीव्हीसी आवरणाच्या वायरी बनवण्याचा लहानसा उद्योग आरंभला. त्यातूनच पिंपरीची फिनोलेक्स उभी राहिली. पीव्हीसी हे तर भर घातल्याखेरीज निरुपयोगी द्रव्य. एकटे असता ते कडक असते आणि तापवताच विघटित होऊ लागते. त्याला मऊ करणारे द्रव्य, उष्णतेत सावरणारे स्थिरक आणि खडूची पूड यांची जोड मिळाली, की तेच वायरीचे लवचिक वस्त्र होते.

पुढे १९६१ साली आकुर्डीत बजाजचा कारखाना आला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६६ साली टेल्कोने पुण्यात पाय रोवले आणि १९९९ पासून चाकणचे माळरान गजबजू लागले. मोठ्या कारखान्यांच्या आधाराने भोसरी, तळवडे, चाकण येथे मोल्डिंगचे शेकडो लघुउद्योग उभे राहिले. मराठी तरुणाच्या हाताला काम मिळाले ते मुख्यतः या लघुउद्योगांत.

वेरूळच्या भिंती काय सांगतात?

हे सारे तंत्र पश्चिमेकडून आले, असे सरसकट म्हटले जाते. बहुवारिकांचे रसायन तिकडचे, हे खरेच. आपल्या पूर्वजांना प्लॅस्टिक ठाऊक होते, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल आणि तशी गरजही नाही. पण दुबळ्या द्रव्याला तंतूंनी बळ देण्याची दृष्टी या मातीत होती, याला पुरावा आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, हे पुरातत्त्व खात्यात काम केलेले रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह व वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले. या तंतूंमुळे गिलावा टिकला आणि कीडही दूर राहिली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते तंतू नाहीत आणि तेथील चित्रांना किडीचा उपद्रव अधिक झाला. मातीत भुसा कालवून भिंत लिंपणारी खेड्यातील माउलीही हेच शास्त्र जाणत होती. परंपरेचा अभिमान बाळगायचा तो अशा तपासून पाहिलेल्या गोष्टींचा.

खडू तोच, नीती वेगळी

आता मूळ प्रश्न. भर आणि भेसळ यांत भेद काय? दोन्हींत बाहेरचे द्रव्य घातले जाते. कित्येकदा तर द्रव्यही एकच असते. पीव्हीसीच्या नळीत खडूची पूड मापात आणि नीट मिसळली, तर नळीला ताठपणा येतो. पण हीच पूड केवळ पैसे वाचवण्यासाठी बेसुमार कोंबली, तर नळी ठिसूळ होते. खडूची घनता सुमारे २.७, तर पीव्हीसीची १.४. त्यामुळे भेसळीची नळी हाताला जड लागते आणि भोळा शेतकरी तीच मजबूत समजून घरी नेतो. पंप सुरू होताच ती फुटते. पीक वाळते, कर्ज मात्र राहते. पिण्याच्या पाण्याच्या अशा नळ्यांसाठी भारतीय मानक ४९८५ आहे. नळ्यांतील शिसेयुक्त स्थिरकांवर निर्बंध घालणारे नियम केंद्र शासनाने २०२१ साली केले. परंतु प्रत्येक हॉपरजवळ शासन उभे राहू शकत नाही. तेथे उभा असतो तो कामगार आणि त्याच्यामागे उभा असतो मालक. त्यांची सदसद्विवेकबुद्धी हेच अखेरचे मानक.

हा प्रश्न नळीपुरता नाही. २०२२ साली देशात ठिकठिकाणी विद्युत दुचाकींना आगी लागल्या. मार्च महिन्यात पुण्यातही तसे घडले. त्याच वर्षी बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक करण्यात आले. चाकणला तर २०१९ पासूनच विद्युत स्कूटर तयार होऊ लागली होती. अशा आगीचे मूळ बॅटरीत असले, तरी ती पसरू न देण्याचे दायित्व भोवतालच्या प्लॅस्टिकवर असते. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड ही पांढरी भुकटी सुमारे २०० अंशांच्या पुढे आपल्या वजनाचा तिसरा हिस्सा पाण्याच्या वाफेच्या रूपात सोडते आणि आग थंड करते. पण तिचे प्रमाण मोठे लागते आणि नायलॉन-६६ सारख्या, २८० अंशांच्या आसपास ओतल्या जाणाऱ्या द्रव्यात ती चालत नाही. साच्यात जाण्यापूर्वीच तिचे पाणी उडून जाते. कोणत्या द्रव्याला कोणती भर, हे ज्ञान येथे जीवनमरणाचे ठरते.

स्वदेशी म्हणजे काय?

आज कित्येक सुट्या भागांचे आरेखन परदेशातून येते आणि त्यावर दाण्याची विशिष्ट जातही नमूद असते. यंत्र येथले, वीज येथली, घाम येथला. पण दाण्याची पाककृती परक्याची. असा माल भारतात बनला, तरी त्याला पूर्णार्थाने स्वदेशी म्हणता येईल का? दत्तोपंत ठेंगडींनी कामगाराकडे राष्ट्रघडणीचा भागीदार म्हणून पाहिले. भागीदाराला बटण कोठे दाबायचे एवढेच ठाऊक असून चालत नाही. नायलॉनचा दाणा ओतण्यापूर्वी काही तास का वाळवायचा, ओलावा राहिला तर त्याच्या रेणूंच्या साखळ्या का तुटतात, काचतंतूंमुळे भाग एका अंगाला का वाकतो, ही कारणे त्याला कळली पाहिजेत.

साधने दूर नाहीत. पाषाणला १९५० सालापासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. गोव्यातील माशेलच्या रघुनाथ माशेलकरांनी बहुवारिकांचे मूलगामी संशोधन तेथेच केले आणि पुढे हळदीच्या अमेरिकी पेटंटविरुद्धचा लढा १९९७ साली यशस्वी करण्यात पुढाकार घेतला. वाहनांच्या चाचणीसाठी १९६६ पासून एआरएआय आहे. छत्रपती संभाजीनगरला सिपेटचे केंद्र आहे. १९९४ पासून लघु उद्योग भारती लहान उद्योजकांना एकत्र आणत आहे. उणीव आहे ती भोसरीच्या शेडपासून पाषाणच्या प्रयोगशाळेपर्यंतच्या दुव्याची. काच आणि नायलॉन यांना जोडणाऱ्या सिलेनचीच जणू!

हा दुवा जुळला, तर शेतकऱ्यालाही वाटा मिळेल. जर्मनीच्या मोटार कंपन्या १९९० च्या दशकापासून दाराच्या आतील भागांत जवस, घायपात यांचे तंतू वापरत आल्या आहेत. हे तंतू २०० अंशांपुढे करपतात आणि ओलावा धरतात, म्हणून ते नायलॉनच्या कामाचे नाहीत. पॉलिप्रोपिलीनमध्ये मात्र ते चालतात. अंबाडी आणि घायपात आपल्या बांधावरही उगवतात.

तेव्हा प्रत्येक घराने आपल्या मुलामुलींना एवढे जरूर सांगावे, की शिफ्ट भरणे म्हणजे विद्या नव्हे. हातातला दाणा ओळखणे ही विद्या. आणि प्रत्येक उद्योजकाने हॉपरमध्ये हात घालताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: आपण जे घालतो आहोत, ते ग्राहकाला उघडपणे सांगता येईल काय? सांगता आले, तर ती भर. लपवावे लागले, तर ती भेसळ.