दांडी खाली आली त्याची गोष्ट



बचत गटात नवं यंत्र घ्यायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "हे बायकांना जमायचं नाही." कांडप मशीन असो, नाहीतर फवारणीचा पंप. आज त्या वाक्यावरच बोलू या, पण जरा लांबून येऊ. अमेरिकेत सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी सायकल कशी बदलत गेली, ते मी सांगणार आहे. आपल्या लेकी ज्या लेडीज सायकलवरून शाळेत जातात, तिच्या पणजीची ही गोष्ट.

१८७८ साली बोस्टनच्या अल्बर्ट पोप नावाच्या व्यापाऱ्याने 'कोलंबिया' सायकली बनवून घ्यायला सुरुवात केली. कुठे, माहीत आहे? हार्टफर्ड गावातल्या शिलाई मशीनच्या कारखान्यात! या सायकलचं पुढचं चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं मोठं आणि मागचं अगदी लहान. पायडल थेट पुढच्या चाकालाच बसवलेलं. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. मग जास्त अंतर कापायचं तर चाकच मोठं हवं. पण वाटेत दगड आला की वर बसलेला माणूस तोंडावर आपटायचा. पायघोळ झगे घालणाऱ्या बायकांनी तर त्यावर चढायचं कसं, हाच प्रश्न.

पुढे न्यू जर्सीत 'स्टार' सायकल निघाली. तिच्यात लहान चाक पुढे आणि मोठं मागे, म्हणजे तोंडावर पडायची भीती कमी. तिचं पायडल गोल फिरत नसे. आपण शिलाई मशीन चालवतो तसं ते खाली दाबायचं, की चाक फिरायचं.

मग इंग्लंडमधून चेनची सायकल आली. पायडलचं दातेरी चक्र मोठं आणि मागच्या चाकाचं लहान ठेवलं, की पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन-अडीच फेरे होतात. मोठ्या चाकाची गरजच संपली. सायकल जमिनीजवळ आली. तरी सीटपासून हँडलपर्यंत गेलेली मधली दांडी आडवी होतीच.

१८८८ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या एका कारखान्याने ती दांडी वाकवून खाली घेतली. आता झगा न उचलता पाय पलीकडे टाकता येऊ लागला. कापड चेनमध्ये अडकू नये म्हणून चेनवर झाकण आलं. चाकाच्या तारांत जाऊ नये म्हणून मडगार्डपासून चाकाच्या मधोमध दोऱ्यांची जाळी ओवली. बाई होती तेवढ्याच ताकदीची राहिली. बदललं ते यंत्र.

त्यानंतर बायका सायकलवर दिसू लागल्या. दारूबंदीच्या चळवळीतल्या मोठ्या पुढारी फ्रान्सिस विलार्ड त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या. रोज थोडा थोडा वेळ काढून शिकल्या आणि १८९५ साली त्यावर पुस्तकही लिहिलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. मधली दांडी काढली की सांगाडा कमजोर होतो, म्हणून नळ्या जाड कराव्या लागतात आणि वजन वाढतं. १८९४ मध्ये ॲनी लंडनडेरी ही बोस्टनची बाई, तीन लेकरांची आई, जगप्रवासाला निघाली. तिची बायकांची सायकल होती एकोणीस किलोंची. शिकागोला पोचेपर्यंत ती थकून गेली. तिथे तिने पुरुषांची सायकल घेतली, जवळजवळ निम्म्या वजनाची. झग्याऐवजी ढगळ विजार घातली आणि पुढची वाट धरली. समुद्र जहाजाने, जमिनीवर कुठे सायकल, कुठे आगगाडी, असं करत १८९५ च्या सप्टेंबरात ती शिकागोला परत आली.

म्हणजे "खास बायकांसाठी" अशी चिठ्ठी लावलेली वस्तू बाईच्या सोयीची असेलच असं नाही. सोय कसली आणि तिच्यासाठी काय सोसावं लागतं, दोन्ही पाहायला हवं.

म्हणून गटाच्या पैशातून यंत्र घ्याल तेव्हा दुकानात नुसती किंमत आणि सबसिडी विचारून परतू नका. जी रोज ते चालवणार आहे, तिलाच सोबत न्या. तिला उभं करा. तिचा हात बटणापर्यंत पोचतो का? भरलेला पंप तिला एकटीला पाठीवर घेता येतो का? पदर, ओढणी, केस अडकतील अशा फिरत्या भागावर झाकण आहे का? नसेल तर दुकानदाराला स्पष्ट सांगा, उंची कमी करून द्या, झाकण बसवून द्या. हे मागताना संकोच वाटायचं काही कारण नाही. सायकलची दांडी कुणीतरी खाली घेतली, म्हणून तर आपल्या मुली आज शाळेत वेळेवर पोचतात.

आणि पुन्हा कुणी म्हणालं, "बायकांना जमायचं नाही," तर आधी यंत्राकडे बघा. बाईकडे नंतर.