विकलांग बालकांची तपासणी व त्यांस मिळणारें साहाय्य

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंतील व्याख्यान)



उत्सवाच्या दिवसांत जुन्या देवळाचा इतिहास आणि पूर्वजांचे कष्ट ह्यांविषयीं बोलण्याचा प्रघात आहे. तें काम माझ्याहून योग्य माणसें करतील. मी चौतीस वर्षें शाळामास्तर होतों, आणि ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे त्यांत मी स्वतः दोन वेळां चुकलों आहें. म्हणूनच तो मला पाठ झाला आहे.

पहिली चूक शाळेंतली. चौथीच्या वर्गांत माझ्याकडे एक मुलगा होता. तोंडी हिशेब तो सर्वांच्या आधीं सोडवी. गोष्ट सांगूं लागला म्हणजे वर्ग स्तब्ध होई. परंतु वाचावयास उभा केला कीं 'कमळा'चें 'मकळ' होई आणि ओळ हरवून जाई. मी त्यास आळशी समजलों. त्यास बाकावर उभें केलें, आणि एकदां तर त्याची वही वर्गासमोर धरून हंसलों. सातवींत त्यानें शाळा सोडली. 'अध्ययन-अक्षमता' हा शब्द मीं निवृत्तीच्या अवघीं तीन वर्षें अगोदर एका प्रशिक्षणवर्गांत ऐकला. व्याख्याते लक्षणें सांगूं लागले, आणि मला तो बाक दिसूं लागला.

दुसरी चूक घरांतली. माझा नातू दीड वर्षाचा झाला तरी 'आई' म्हणेना. घरांत सर्वांचें एकच म्हणणें, "ह्याचा बापही उशिरांच बोलला." शेजारच्या मावशींनीं पोपटाचा उष्टा पेरू खाऊं घालावयास सांगितलें, तेंही झालें. एका डॉक्टरांनीं, त्यांचें नांव घेण्याचें येथें कारण नाहीं, तीन वर्षांपर्यंत वाट पाहण्याचा सल्ला दिला, आणि आम्हांस तो फार गोड लागला. थाळी वाजविली तर मूल वळून पाही. मग कान ठीकच असणार, असें मीच सर्वांस समजावीत असें. थाळीचा मोठा नाद ऐकूं येणें निराळें व माणसाचें बोलणें ऐकूं येणें निराळें, हें मास्तर असूनही मला ठाऊक नव्हतें.

अखेर सूनबाई हट्टास पेटली, आणि आम्ही वसईहून वांद्र्यास अली यावर जंग संस्थेंत गेलों. वाचा व श्रवण ह्यांच्या दोषांसाठीं १९८३ सालीं स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था. तेथें 'बेरा' नांवाची तपासणी करतात. त्या वेळीं मूल झोपलेलें असावें लागतें. म्हणून आदल्या रात्रीं त्यास जागें ठेवा, अशी सूचना होती. सुनेनें रात्रीं एक वाजेपर्यंत त्यास अंगणांत फिरविलें, पहांटे उठविलें, आणि गाडींत त्याचा डोळा लागूं नये म्हणून आम्ही तिघें बोरिवलीपर्यंत टाळ्या वाजवीत होतों; डब्यांतल्या लोकांस हें कोणतें भजनी मंडळ, असें वाटलें असावें. तपासणींत डोक्यास बारीक तारा लावतात, कानांत ध्वनि सोडतात, आणि कानाकडून मेंदूकडे जाणारा संदेश यंत्रावर उमटतो. मुलास इजा होत नाहीं, कीं त्यास कांहीं उत्तरही द्यावें लागत नाहीं.

निकाल आला: दोन्ही कानांत तीव्र दोष. तेव्हां तो अडीच वर्षांचा होता. तज्ज्ञांचें मत असें कीं मुलाचे कान पहिल्या महिन्यांतच तपासावे, दोषाचा निर्णय तिसऱ्या महिन्यापर्यंत व्हावा, आणि सहाव्या महिन्याच्या आंत यंत्र व शिक्षण सुरू व्हावें. म्हणजे आमचीं दोन वर्षें वांयां गेलीं होतीं. आज तो सहावींत आहे, यंत्र लावतो, बोलतोही; परंतु परक्या माणसास त्याचें अर्धें बोलणें समजत नाहीं. हें त्या दोन वर्षांचें देणें आहे असें मी मानतों.

आणखी एक गोष्ट मला उशिरां कळली व तिची लाजही वाटली. बधिर मुलांसाठीं हिंदुस्थानांतली पहिली शाळा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत ह्याच मुंबईंत निघाली, आणि ती काढणारे होते कॅथॉलिक बिशप लिओ म्यूरिन. इतका जुना वारसा घरांत असतां आम्ही पोपटाचा पेरू शोधीत होतों.

आतां कोणत्या खुणांवरून सावध व्हावें तें सांगतों. चार महिन्यांच्या सुमारास मान न धरणें; नऊ महिने झाले तरी आधारावांचून न बसणें; वर्ष झालें तरी नांवानें हाक मारल्यास न वळणें, बोटानें वस्तु न दाखविणें; दीड वर्षांत चालणें किंवा एकही शब्द नसणें; दोन वर्षांत दोन शब्द जोडून न बोलणें. आणि सर्वांहून महत्त्वाचें म्हणजे आलेलें बोलणें अथवा आलेलें कौशल्य नाहींसें होणें, मग वय कोणतेंही असो. ह्यांपैकीं एखादी खूण दिसली म्हणजे मूल विकलांग आहेच असें नव्हे. परंतु तपासून 'कांहीं नाहीं' असें कळलें तर गाडीभाडें तेवढें गेलें. न तपासतां राहिलें तर काय जातें तें मीं सांगितलेंच आहे.

जावें कोठें? प्रथम अंगणवाडीच्या ताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रांत. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यांत तपासणी होते. पथकानें अंगणवाडींत वर्षांतून दोनदां आणि सरकारी व अनुदानित शाळेंत एकदां जावें, असा नियम आहे. ज्यास अधिक तपासणीची गरज, त्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितात. तेथें बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा व व्यायाम-उपचार करणारे एकाच छताखालीं असावेत, अशी योजना आहे. येथें एक मेख आहे. आपल्यांतील पुष्कळ मुलें भरपूर फी घेणाऱ्या विनाअनुदानित शाळांत जातात, आणि त्या शाळा ह्या पथकाच्या यादींत नसतात. गरिबाचें मूल तपासलें जातें व आपलें राहतें, असा उफराटा प्रकार घडतो. अशा पालकांनीं स्वतः होऊन गेलें पाहिजे.

तपासणी व प्रमाणपत्र ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि लोक त्यांचा नेहमीं घोटाळा करतात. प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयांतलें वैद्यकीय मंडळ देतें. त्यासाठीं 'स्वावलंबन' ह्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, आणि मिळणारें ओळखपत्र साऱ्या देशांत चालतें. २०१६ च्या कायद्यानें २१ प्रकारचीं विकलांगत्वें मान्य केलीं. १९९५ च्या कायद्यांत सातच होतीं. बहुतेक सवलतींस शेंकडा चाळीस किंवा अधिक प्रमाण लागतें. परंतु ह्या आंकड्यावरून मुलास काय शिकवावें हें कोणास कळणार? त्यासाठीं तज्ज्ञांचा सविस्तर अहवाल लागतो. तो मागून घ्या, त्याच्या प्रती काढा, आणि मुलास आज काय करतां येतें व पुढील सहा महिन्यांत काय शिकवावयाचें, हें त्यांत लिहून देण्याचा आग्रह धरा. समजेल अशा मराठींत सांगा, असें म्हणण्यास लाजूं नका.

वाचनाच्या दोषाविषयीं थोडें अधिक बोलतों. त्या बाकाचें ऋण माझ्यावर आहे. ह्या दोषाचें प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून देतां येतें. चौदाव्या व अठराव्या वर्षीं पुन्हां तपासणी होते, आणि अठराव्या वर्षीं मिळालेलें जन्मभर चालतें. त्याच्या आधारें परीक्षेंत वाढीव वेळ व लेखनिक मिळतो. परंतु मूल घरीं सामवेदी बोलतें, शाळेंत इंग्रजी शिकतें, आणि तपासणीही इंग्रजींतच झाली, तर दोष मुलाचा कीं भाषेचा? हा प्रश्न तपासणाऱ्यास आधींच विचारावा, आणि घरची भाषा कोणती तें स्पष्ट सांगावें.

शाळा मिळेल कीं नाहीं, ही भीति अनेकांस असते. चाळीस टक्क्यांहून कमी नाहीं असें विकलांगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेंत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क त्याच २०१६ च्या कायद्यानें दिला आहे. कोणी तोंडी नकार दिला तर तो लेखी मागावा. पुष्कळदां तेवढ्यानेंच नकार मावळतो.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगत्व ह्या चौघांसाठीं राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नांवाची विमायोजना आहे. तींत वर्षास एक लाख रुपयांपर्यंतचा उपचार येतो. ह्याच मुलांच्या आईबापांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. मूल अठरा वर्षांचें झालें कीं कायद्याच्या दृष्टीनें आपण त्याचे पालक राहत नाहीं. त्यानंतर जरूर असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठीं अर्ज करावा लागतो. बँकेच्या खिडकीवर हें प्रथमच कळलेलीं म्हातारीं माणसें मीं पाहिलीं आहेत.

आपल्या देवळाविषयीं एकच बोलतों. रविवारच्या मिस्सेला एक माता नेहमीं मागच्या दारापाशीं, पुष्कळदां बाहेर पावसांतही, उभी असते. तिचा मुलगा मध्येंच मोठ्यानें ओरडतो. तीन वर्षें ती आंत आलेली नाहीं, कारण एकदां कोणीतरी वळून पाहिलें. वळून पाहणारा मीच होतों कीं काय, हें मला आतां आठवत नाहीं. पुढच्या रविवारीं माझ्या बाकावर दोन जागा मी मोकळ्या ठेवणार आहें, आणि तसें तिला सांगितलेंही आहे.

त्याच दिवशीं मिस्सेनंतर सभागृहाच्या ओट्यावर आमच्या तरुण मुलांपैकीं तिघें ओळखपत्राचे अर्ज भरून देण्यास बसतील. येतांना मुलाचें आधारकार्ड, एक छायाचित्र, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि असतील तेवढे जुने अहवाल आणावे. अहवाल नसले तरी यावें.