फेरफाराची नोंद कशी वाचावी



पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. तालुका कापसाचा आणि वस्तीत गोंड, कोलाम बांधवांचे प्रमाण मोठे. तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही याच गावी आहे. अशा मुलखात जमिनीच्या कागदावरील एखादी तारीख चुकीची वाचली गेली, तर एका कुटुंबाचे शेत हातचे जाऊ शकते. तेव्हा विषय दप्तराचा असला, तरी तो कोरडा नाही.

सातबारा सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु सातबारा सांगतो ती आजची स्थिती. ती कशी आली, हे सांगते गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही. मोठ्या संगणक प्रणालींत कोणी, केव्हा, कोणती माहिती बदलली याची आपोआप नोंद ठेवणारी वही असते. संगणकतज्ज्ञ तिला ऑडिट लॉग म्हणतात. महसूल खात्याने ही वही संगणकाच्या कितीतरी आधीपासून शाईने लिहिली आहे, आणि ती वाचण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 ही 15 ऑगस्ट 1967 पासून अमलात आली. तिच्या कलम 149 प्रमाणे जमिनीत हक्क मिळविणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. दस्त नोंदणीकृत असेल तर वर्दीची गरज नसते. दुय्यम निबंधकाकडूनच सूचना येते. पुढे कलम 150 प्रमाणे नोंद होते, तिची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधितांस नोटीस जाते. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, नमुना सहा-अ मध्ये, जाते. शेवटी मंडळ अधिकारी नोंद तपासून ती प्रमाणित किंवा रद्द करतात. हा अखेरचा शेरा वाचल्याशिवाय नोंद वाचली असे म्हणता येत नाही. पुष्कळ लोक नेमके तेथेच थांबतात. फेरफाराला क्रमांक पडला म्हणजे काम झाले, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात तोपर्यंत ती नुसती मागणी असते.

प्रत्येक नोंदीत निरनिराळ्या तारखा असतात. व्यवहार घडल्याची एक, वहीत लिहिल्याची दुसरी, प्रमाणित झाल्याची तिसरी. समजा, एका आदिवासी शेतकऱ्याची जमीन 1972 साली बिगर-आदिवासीकडे विक्रीने गेली आणि तिचा फेरफार 1976 साली पडला. आदिवासींना जमिनी परत देण्याचा 1974 चा कायदा हा 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळातील हस्तांतरणांना, त्यातील अटींच्या अधीन राहून, लागू होतो. वरवर पाहणारा 1976 हा आकडा बघून प्रकरण कायद्याबाहेरचे ठरवील. नोंदीचा मजकूर वाचणाऱ्यास मात्र खरेदीखताची तारीख दिसेल, आणि तीच विचारात घ्यावयाची असते. या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली मान्य केली. 6 जुलै 1974 नंतरच्या अशा विक्रीस संहितेचे कलम 36-अ लागते. त्या नोंदीत शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या पूर्वपरवानगीचा उल्लेख शोधावा. तो नसेल, तर हरकतीचा पहिला मुद्दा तेथेच मिळतो.

नोंदीची मर्यादाही ओळखली पाहिजे. सही कोणाची, हे ती सांगते. अंगठा देणाऱ्याला कागदातले कितपत समजले होते, हे ती सांगत नाही. फेरफार हा मालकीचा निर्णायक पुरावाही नव्हे. कलम 157 प्रमाणे प्रमाणित नोंद विरुद्ध शाबीत होईपर्यंत खरी मानली जाते, इतकेच. शाबीत करण्याचा भार मात्र हरकत घेणाऱ्यावर पडतो, आणि गरिबाला तोच जड जातो.

ई-फेरफार प्रणालीत शाईची जागा डिजिटल स्वाक्षरीने घेतली. हस्तलिखित सातबारा संगणकात उतरविताना राहिलेल्या चुका हुडकण्यासाठी 2017 साली गावोगाव चावडी वाचन झाले. लेखनप्रमाद दुरुस्त करावयाचा तर कलम 155 खालील आदेश लागतो, आणि त्या दुरुस्तीचीही स्वतंत्र नोंद पडते. चुकीची नोंद पुसून टाकण्याची सोय या पद्धतीत नाही, हे तिचे बलस्थान मानावे. 2020 साली सातबाऱ्याचा नमुना बदलला. मयत खातेदाराचे नाव पूर्वी कंसात दाखवीत, आता त्यावर आडवी रेषा येते. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक, तसेच प्रलंबित फेरफार आहे की नाही, हेही उताऱ्यावर छापले जाते. कर्जासाठी किंवा खरेदीसाठी उतारा पाहणाऱ्याने प्रथम ही प्रलंबित फेरफाराची ओळ पाहावी.

फेरफाराची नोटीस आता ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावरही प्रसिद्ध होते. गाव निवडले की फेरफाराचा प्रकार, गट क्रमांक आणि हरकतीची अखेरची तारीख दिसते. पोडावरच्या कोलाम कुटुंबाला हे संकेतस्थळ उघडून दाखविणारे कोणी नसते. शाळेतील शिक्षकाने किंवा वॉर्डाच्या सदस्याने आठवड्यातून एकदा ही यादी पाहून संबंधितांच्या घरी निरोप दिला, तर पंधरा दिवसांची हरकतीची मुदत त्यांना कळण्यापूर्वीच सरून जाणार नाही. जुन्या नोंदीची नक्कल हवी असल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा. अर्जात गाव, गट किंवा जुना सर्व्हे क्रमांक आणि फेरफार क्रमांक ही तिन्ही लिहावीत. फेरफार क्रमांक ठाऊक नसेल, तर तो जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात लिहिलेला सापडतो.