बाई, ते खाली कसे आले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी शिक्षिका, म्हणून मुलांना हिमालयाची शिखरे कशी शिकवावीत, हा विषय घेतला आहे. कवठे महांकाळच्या माळावर हिमालयाचे काय काम, असे कुणी म्हणेल. ते शेवटी सांगते.

पुष्कळ वर्षे मी हा धडा चुकीचा शिकवला. फळ्यावर लिहीत असे : एव्हरेस्ट, उंची ८,८४८ मीटर. २९ मे १९५३, तेनसिंग व हिलरी. १९७५, जपानच्या जुन्को ताबेई, पहिली स्त्री. १९८४, बचेंद्री पाल, पहिली भारतीय स्त्री. मुले पाठ करीत, गुण मिळवीत, विसरून जात. एके दिवशी सहावीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, ते खाली कसे आले?"

मला उत्तर देता आले नाही. फळ्यावर मी सर्वांना चढवले होते. उतरवले कुणालाच नव्हते!

मग मी वाचू लागले. ८,००० मीटरांहून उंच अशी शिखरे जगात १४ आहेत. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब आपल्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच असतो. तिथे पाणी सुमारे ७० अंशांनाच उकळते. म्हणजे डाळ रटरटत राहील, पण शिजणार नाही. हे सांगितल्यावर मुलींनी घरी जाऊन आयांना कुकरचे कोडे घातले. कुकरात दाब वाढतो म्हणून डाळ लवकर शिजते, हे त्या दिवशी कितीतरी घरांत नव्याने कळले.

अशा हवेत माणूस एका दमात वर जाऊ शकत नाही. म्हैसाळहून कृष्णेचे पाणी आपल्याकडे येते, ते टप्प्याटप्प्याने उचलावे लागते ना? गिर्यारोहकांचेही तसेच. पायथ्याच्या तळावरून वरच्या तळावर जायचे, पुन्हा खाली यायचे, शरीराला विरळ हवेची सवय लावायची. यात कित्येक आठवडे जातात. ओझी वाहणारे, दोर बांधणारे शेर्पा नसते, तर बहुतेकांना वरचा तळही दिसला नसता. हे मी मुलांना मुद्दाम सांगते.

पुष्कळ अपघात उतरताना होतात. अंग थकलेले, प्राणवायू संपत आलेला, आणि 'जमले एकदाचे' म्हणून लक्ष ढिले पडलेले. म्हणून शहाणे लोक निघण्यापूर्वीच परतीची वेळ ठरवतात. त्या वेळेपर्यंत माथा आला नाही, तर तो डोळ्यांसमोर असला तरी माघारी फिरायचे.

आपल्या शेजारच्या साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांचेच पाहा. सह्याद्रीत भटकता भटकता त्या हिमालयात पोचल्या. २०१३ साली एव्हरेस्ट, तेव्हा वय अवघे वीस. २०१८ साली ल्होत्से, २०१९ साली मकालू, १६ एप्रिल २०२१ रोजी अन्नपूर्णा आणि ५ मे २०२२ रोजी कांचनगंगा. ८,००० मीटरांवरची पाच शिखरे चढणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. मुले पाच चढाया मोजतात. मी म्हणते, बाळांनो, उतरणीही मोजा. चार वेळा सुखरूप खाली आल्या, म्हणून पाचवे शिखर भेटले.

आता मनातले बोलते. गेल्या वर्षी वर्गाला दंडोबाच्या डोंगरावर नेण्याचे ठरवले. मुलग्यांची नावे भराभर आली. मुलींची फक्त चार. प्रश्न विचारणारी ती मुलगी त्यांत नव्हती. तिच्या आजी म्हणाल्या, "बाई, पोरीच्या जातीला डोंगर कशाला? सोबत कोण? दिवस मावळायच्या आत घरी कोण आणून सोडणार?"

तेव्हा मला राग आला. पण मागाहून वाटले, आजींनी नातीचाच प्रश्न विचारला होता : ती खाली कशी येणार? या प्रश्नाचे उत्तर रागाने देता येत नाही. पोरीला घरी बसवून ठेवणे हेही त्याचे उत्तर नव्हे. वाट ठरवणे, वेळ ठरवणे आणि भरवशाची सोबत देणे, हे त्याचे उत्तर आहे.

म्हणून आज मंडळाकडे मागणे आहे. या हिवाळ्यात आम्ही पुन्हा दंडोबाला जाणार आहोत. आपल्यातल्या सहा-सातजणींनी सोबत यावे. दर्शनाला आपण जातोच; यंदा मुलींचा हात धरून जाऊ. नियम एकच. दुपारी एक वाजला की, माथा आलेला असो वा नसो, सगळ्यांनी मागे फिरायचे. आजींनाही मी आमंत्रण दिले आहे. त्या 'बघू' म्हणाल्या आहेत, आणि आपल्याकडे 'बघू' म्हणजे निम्मा होकार असतो!

उद्या यांतली एखादी हिमालयात जाईल की नाही, ते तिचे ती ठरवील. पण वर जाण्याची हौस आणि वेळेवर परतण्याचे शहाणपण, ही शिदोरी तिला आपल्या हातून मिळावी.